फोनचं अपडेट आणि अर्धा राहिलेला ढावलो

नवा फोन घरात येऊन तीन आठवडे झाले होते आणि तोवर तो माझ्याशी नीट वागत होता. दुपारी मी त्याला झोपू देत असे, सकाळी तो मला उठवत असे. मग एका मंगळवारी त्याच्या कपाळावर ओळ उगवली : सिस्टीम अपडेट उपलब्ध आहे.

पुढे जे झालं ते सांगायचं तर आधी एका सतरा वर्षांच्या पोरीबद्दल सांगावं लागेल. ती पोरगी म्हणजे मीच, पण तिला ‘मी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सातवी पास होती. अख्ख्या तांड्यात सातवी पास झालेली एकटीच मुलगी, त्यामुळे तिला वाटे की जगात कळण्यासारखं जे काही आहे ते सातवीपर्यंत कळून जातं. पुढच्या वर्गांत तेच पुन्हा गिरवून घेत असतील.

आम्ही गोर, म्हणजे बंजारा. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. आम्ही दारव्ह्याच्या बाजूला तूर आणि सोयाबीन पेरून एका जागी बसलो. घरात गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी. इथे सगळ्यांचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिते. नाहीतर अर्थ सांगायला माझ्या सुनेला बोलवावं लागेल आणि ती कधी मोकळी नसते.

आमच्यात मुलगी सासरी निघते तेव्हा नुसती रडत नाही, गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. एकेकाच्या खांद्यावर कपाळ टेकायचं आणि त्या माणसाने आपल्यासाठी काय काय केलं ते सुरात सांगत रडायचं. बापाचा ढावलो वेगळा, भावाचा वेगळा, काकीचा वेगळा. उंबऱ्याचासुद्धा असतो. म्हाताऱ्या बाया महिनाभर आधीपासून मुलीला शिकवतात. शिकवलेलं रडणं खोटं असणार, असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा जवळ उभं राहून ऐकावं आणि मग बोलावं.

तर त्या सातवी पास पोरीने ढावलो चार दिवसांत पाठ केला. कवितेसारखा. मावशी म्हणाली, ‘पाठ नको करू, मनात घे.’ पोरगी म्हणाली, ‘मनात घेतला न, मावशी. म्हणून दाखवू का उलटा?’

लग्नाच्या दिवशी तिच्या तोंडावर हनुवटीच्या खालपर्यंत ओढणी. दिसत होते ते फक्त लोकांचे पाय. तिने विचार केला, पायांवरून माणसं ओळखायची, त्यात काय अवघड. काकीच्या पायातल्या वाळ्याला लाल दोरा बांधलेला असे. लाल दोऱ्याचे पाय दिसले, तशी ती त्या बाईच्या गळ्यात पडली आणि सुरात सुरू झाली. काकी, तू मला तुझ्या ताटातलं खाऊ घातलंस. काकी, हे लोक मला नेतात, तू मला तुझ्या ओढणीत लपव. काकी, दार लावून घे.

वरून त्याच सुरात उत्तर आलं, ‘मी कशी लपवू वं बाई, मीच तुले न्याले आली.’

ती काकी नव्हती. ती नवरदेवाची मोठी भावजय होती, म्हणजे माझी मोठी जाऊ. वाळं सैल होतं म्हणून तिनेही लाल दोरा गुंडाळला होता. आणि त्या पोरीला हसू आलं. साधं नाही, पोट धरून. ओढणी हलायला लागली. बायकांना वाटलं, किती रडते बिचारी. मग आवाज बाहेर आला आणि सगळ्यांना कळलं. हसू काही थांबेना, म्हणून मावशीने तिला उचलून बैलगाडीत बसवलं आणि ढावलो तिथेच तुटला.

तेव्हापासून पन्नासएक वर्षं माझी मोठी जाऊ मला ‘हसणी’ म्हणते. मी अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं घेतली, तांड्यातल्या अर्ध्या बाप्यांना मी अक्षरं शिकवली. सगळे मला मॅडम म्हणतात. तिच्यासाठी मी हसणी.

आता माझी नात. यवतमाळला दवाखान्यात सिस्टर आहे. माघात तिचं लग्न ठरलं, आर्णीकडचा मुलगा. पोरीने मला फोनवर सांगितलं, ‘दादी, आजकाल पोरी सासरी निघतात तं मागं डीजे वाजते. मले तसं नाही जायचं. मले ढावलो पाह्यजे.’

मी म्हटलं, ‘शिकवते ना.’

‘तू नको. तुले अर्धाच येते. मोठ्या दादीचा पाह्यजे.’

मोठी दादी म्हणजे ती जाऊच. पूर्ण ढावलो येणारी आमच्या तांड्यात ती आता एकटी उरली आहे. पण पोरीला सुट्टी मिळणार होती लग्नाच्या फक्त दोन दिवस आधी. मधला एक रविवार येऊन जाणार होती, तोही कपड्यांच्या खरेदीसाठी. मी जावेला म्हटलं, बाई, फोनमध्ये म्हणून ठेवा, पोरगी तिकडे ऐकून शिकेल. जावेने फोनकडे असं पाहिलं की जणू तो ओटीवर पाय पुसून आलेला नाही.

‘ढावल्याले खांदा लागते,’ ती म्हणाली. ‘याले खांदा कुठं हाय?’

विषय संपला. निदान तिच्यापुरता.

मग मी जे केलं ते सत्तरीला टेकलेल्या बाईला शोभण्यासारखं नव्हतं आणि मला फार मजा आली. तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला बसलो होतो, दोघींच्या मध्ये शेंगांचा ढीग. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो ढिगाखाली सरकवून दिला. मग सहज म्हटलं, ‘बाई, तो उंबऱ्याचा ढावलो कसा होता हो? मी विसरली.’

‘तुले आठवत होता कधी?’

‘मला वाटतं तुम्हीबी विसरल्या असाल आता. वय झालं.’

एवढं पुरलं. सबंध दुपार ती म्हणत राहिली. आई, बाप, भाऊ, काकी, विहीर, उंबरा. शेवटी तर गाईचाही निघाला. मी मान खाली घालून शेंगा सोलत होते. मधूनच तिने मला विचारलं, ‘ऐकू येते न बराबर?’ मी म्हटलं, हो, येतं. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सातवी पास माणसं अशीच असतात.

पण ते रेकॉर्डिंग यवतमाळला जाईना. पाठवायचं बटण दाबलं की एक गोल फिरायला लागे, घाण्याच्या बैलासारखा, आणि तेल काही निघत नसे. दोन दिवस फिरला. आणि तेवढ्यात ती ओळ उगवली : अपडेट उपलब्ध. खाली लिहिलं होतं, फोन अधिक जलद चालेल. मी म्हटलं, हेच तर पाहिजे.

सून म्हणाली, ‘याडी, पोरीले येऊ द्या रविवारी, ती करून देईन.’ याडी म्हणजे आई. सून मला याडी म्हणते आणि माझं एकही ऐकत नाही.

‘त्यात काय आहे,’ मी म्हटलं. ‘लिहिलेलं वाचायचं आणि दाबायचं. मला वाचता येतं.’

‘तेच तं म्हनतो,’ ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

आमच्याकडे रेंज शाळेच्या ओट्यावर चांगली येते. तिथे जाऊन बसले. अर्धं उतरलं आणि त्या दिवसाचा डेटा संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. शाळेतल्या बाई खिडकीतून म्हणाल्या, ‘मॅडम, कोणाची वाट पाहता?’ मी म्हटलं, ‘उरलेल्या अर्ध्याची.’ संध्याकाळी घरी आले, बॅटरी एकसष्ट टक्के, लाइट गेलेली. फोन म्हणाला, आता स्थापित करा. मी दाबलं. फोन काळा पडला. मग त्यावर लिहून आलं, अपडेट होत आहे, फोन बंद करू नका.

मी त्याला मांडीवर घेऊन बसले. हलवावं की नाही ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी स्वतःही हलले नाही. पायाला मुंग्या आल्या. सून येऊन म्हणाली, ‘कोंबडी अंड्यावर बसल्यावानी काहून बसल्या?’ तिला हाताने गप्प केलं. तेवढ्यात जाऊ आली, साखर मागायला. तिने काळा फोन पाहिला.

‘मेला का?’

‘नाही बाई. अपडेट होऊन राह्यला.’

‘म्हंजे काय होते?’

‘असतो तोच राहतो, पण नवा होतो. आधीपेक्षा चांगला चालतो.’

तिने ओटीवर पेपर वाचत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. ‘मंग माह्या दिराले लाव एकदा.’

माझ्या नवऱ्याने पेपरचं पान उलटलं. गेली दहा वर्षं तो हेच करतो.

फोन उघडला. चित्रं थोडी गोल झाली होती, घड्याळ मोठं झालं होतं. मी रेकॉर्डिंगचं चित्र शोधून दाबलं, तर त्याने विचारलं, या ॲपला तुमच्या फोनवरील फाइल पाहण्याची अनुमती द्यायची का?

आता इथे मला नातीने घालून दिलेला नियम आठवला. ती म्हणाली होती, ‘दादी, फोन कोनतीबी परवानगी मागन, तं आधी नाही म्हन.’ मी ठामपणे दाबलं, देऊ नका. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं. मला फार बरं वाटलं. त्या सतरा वर्षांच्या पोरीला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने तोंडात गूळ धरून सगळ्याला हो म्हटलं असतं. मी म्हटलं, बघ, शीक माझ्याकडून.

मग पडद्यावर आलं : येथे एकही रेकॉर्डिंग नाही.

मी चष्मा पुसला. तरी नव्हतं. फोन बंद करून उघडला. तरी नव्हतं. आई, बाप, भाऊ, विहीर, गाय, सगळे गेले. जलद चालण्यासाठी त्याने जड सामान टाकून दिलं असावं, अशी माझी समजूत झाली. लग्नाला बारा दिवस राहिले होते.

सुनेला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती चुलीजवळ खाली बसली. ‘याडी, पोरगी रोज फोन करून विचारते, दादीनं पाठवलं का म्हनून. आता काय सांगायचं?’

‘पुन्हा म्हणवून घेते.’

‘तुरी संपल्या.’

ते खरं होतं. शेवटच्या शेंगा परवाच सोलून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटाणे घेऊन जावेकडे गेले. फोन टोपलीत, त्यावर वाटाणे. बसले आणि म्हटलं, ‘बाई, तो विहिरीचा ढावलो—’

‘फोन बाहेर काढ,’ जाऊ म्हणाली.

मी काढला.

‘त्या दिवशी शेंगांत उजेड लागत होता. मले काय डोये नाहीत? तुह्या फोनसाठीच तं मी हयूहयू म्हनत होती. एवढं म्हनलं, गायीचा बी म्हनला, कोनाच्या लग्नात म्हनत नाही तो. कुठं गेला?’

‘अपडेटमध्ये गेला.’

‘नवा होते म्हने.’

मी टोपलीतला एक वाटाणा घेऊन सोलला. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, तोंडात तीन दात, पण पाहायला लागली की माणसाला आपलं खरं वय आठवतं.

‘मी म्हनतो पुन्हा,’ ती म्हणाली. ‘पोरीसाठी म्हनतो. पन असा फोनले नाही म्हनत. खांदा माहा, रडनं तुयं. इथं बस. काकीपासून धर, तिथंच तुटलता न?’

‘बाई, माझं वय काय?’

‘ढावल्याले वय नसते. बस.’

मी फोन समोर गोधडीवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तिच्या ओढणीला तंबाखूचा आणि धुराचा वास येत होता. मी सुरू केलं. आवाज कुठेच लागत नव्हता. काकी, तू मला तुझ्या ताटातलं खाऊ घातलंस. काकी, दार लावून घे. ती मागून मला शब्द देत होती, सूर वर उचलत होती. आणि जिथे यायचं तिथे आलो, तेव्हा ती त्याच जुन्या सुरात म्हणाली, ‘मी कशी लपवू वं बाई, मीच तुले न्याले आली.’ आणि या खेपेला तीच आधी हसली. हसता हसता खोकला लागला, मी पाणी दिलं. ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे.

‘आता बापाचा,’ ती म्हणाली.

बापाचा मी तेव्हा म्हटलाच नव्हता. मला गाडीत बसवलं तेव्हा माझा बाप बैलाच्या वशिंडावर हात ठेवून पलीकडे उभा होता. त्याने डोक्याला नवा रुमाल बांधला होता, मुलगी गळ्यात पडेल म्हणून. रांगेत त्याची पाळी काकीनंतर होती. गाडी निघाली तेव्हाही ती पोरगी ओढणीत हसत होती. तिला वाटलं, काय एवढं, पंधरा दिवसांनी येऊच माहेरी, तेव्हा म्हणू. माहेरी आल्यावर ढावलो म्हणत नसतात, एवढं तरी तिला ठाऊक असायला हवं होतं. सातवीच्या पुस्तकात नव्हतं.

जाऊ शब्द सांगत होती आणि मी म्हणत होते. बापू, तू मला खांद्यावर बसवून बाजार दाखवलास. बापू, तुझी लेक उडाली. किती वेळ म्हटलं ते फोनला ठाऊक. संपलं तेव्हा जावेची ओढणी ओली झाली होती आणि तिने ती पिळल्यासारखी करून दाखवली.

‘झालं,’ ती म्हणाली. ‘आता वाटाने सोल. मोकळे हात कायले ठेवते?’

रविवारी नात आली. मी सगळं कबूल केलं. तिने फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं, अनुमती दिली आणि शेंगांखालचा अख्खा ढावलो जिथल्या तिथे परत आला. शेंगांच्या करकरीसकट, गाईसकट.

‘दादी, कुठंच गेलता नाही तो. तू त्याले पाहूच देत नव्हती.’

‘तूच म्हणालीस, नाही म्हण.’

‘आधी नाही म्हन, मंग मले विचार, असं म्हनलं होतं. तू अर्धंच ऐकते.’

सून आतून म्हणाली, ‘अर्धंच येते त्याहीले.’

पोरगी दोन्ही रेकॉर्डिंग घेऊन यवतमाळला गेली. मी तिला एकच गोष्ट सांगितली. बाकी तुला वाटेल तसं म्हण, पण बापाचा सगळ्यात आधी घे. त्याने ‘का’ विचारलं, तर म्हण, दादीने सांगितलं.

लग्न झालं. जेवणं झाली. डीजेवाल्याला माझ्या नवऱ्याने बुंदीच्या टोपल्याजवळ नेऊन बसवलं आणि तो उठलाच नाही. पोरीने ओढणी ओढून घेतली, चार म्हाताऱ्या भोवती उभ्या राहिल्या आणि ती सरळ माझ्या मुलाच्या खांद्यावर गेली. बापू, म्हणून जो सूर लावला तो जावेचा होता, जसाच्या तसा. माझा मुलगा ट्रॅक्टर चालवणारा आडवा माणूस, तो लहान पोरासारखा रुमालात तोंड खुपसून उभा होता. मग आई, मग भाऊ. मोठ्या दादीच्या खांद्यावर गेली तेव्हा जावेने तिला एका जागी हळूच दुरुस्तही केलं. शेवटी माझ्याकडे आली.

मला वाटलं होतं मी गंभीर उभी राहीन. मी अंगणवाडीची निवृत्त बाई, बायका माझ्याकडे पाहतात. पण पोरीने तोंड उघडण्याआधीच माझ्या घशातून असा काही हंबरडा निघाला की वरपक्षाचे दोन बुजुर्ग पानसुपारी सोडून उठले. मी थांबेना. पोरगी एक ओळ म्हणायची, तिच्यावर माझ्या दोन. शेवटी ओढणीच्या आतून, सूर सोडून, साध्या आवाजात ती म्हणाली, ‘दादी, थांब न. माही पाळी हाय.’

आणि ओढणी हलायला लागली. मी ती ओळखते. मलाच ठाऊक आहे ती कशाने हलते. बायकांना वाटलं, किती रडते बिचारी.

मी ओढणीत तोंड घालून विचारलं, ‘बापाचा पुरा झाला न?’

‘झाला,’ ती हसत म्हणाली.

‘मग हस.’

आवाज बाहेर आलाच. तिच्या चुलत्यांच्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोणीतरी जावेला विचारलं, हे काय चाललंय, पोरगी हसते आणि दादी रडते? जावेने कंबरेची पिशवी सोडली, तंबाखू काढली, मळली आणि तोंडात टाकली.

‘लगन हसणीचं हाय,’ ती म्हणाली. ‘पोरगी नुसती संग आली.’